फॉन्टकाकांचा चौकोन

"फाइल कुठलीही आणा, आतला चोर फॉन्ट अर्ध्या तासात कान धरून बाहेर काढतो. नाही काढला तर मिशी उतरवीन!" असं फॉन्टकाका छापखान्यात ज्याला त्याला सांगत. मिशी त्यांना नव्हतीच, त्यामुळे पैजेत तसा धोका काही नव्हता. पण असती तरी ती शाबूत राहिली असती, कारण या कामात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

काम काय, ते आधी सांगतो. गिऱ्हाईक छापायला फाइल पाठवतं तेव्हा मजकुराबरोबर त्या अक्षरांचा फॉन्टही फाइलीच्या पोटात भरून पाठवतं. पाहुण्याने स्वतःची गादी-उशी घेऊन यावं, तसं. छापखान्यातलं सॉफ्टवेअर तो फॉन्ट उघडतं, एकेका अक्षराचा आकार बघतं आणि त्याचं कागदावर उमटेल असं चित्र तयार करतं. बहुतेक फॉन्ट गुणी असतात, पण एखादा निघतो नाठाळ! वरून सगळं ठीकठाक आणि आत बघावं तर अर्धी अक्षरं गायब. असा फॉन्ट छापायच्या आधी हुडकायचा, त्याच्या नावापुढे लाल खूण करायची आणि फाइल परत पाठवायची, हे काकांचं काम. एकवीस वर्षं ते हेच करत होते.

तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला, जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांमागे त्यांची खोली. आत एक टेबल, एक संगणक, दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची येणाऱ्यासाठी होती. येणारं कोणी नव्हतं, म्हणून तिच्यावर काकांचा डबा बसत असे. या कामातली गोमच अशी की ते चांगलं झालं तर कोणाला कळत नाही! चूक झाली असती तर सगळे धावत आले असते. चूकच होत नाही म्हटल्यावर तीन मजले चढून यायचं कशाला? काका इतके हुशार होते की त्यांच्याशी बोलायची कोणाला गरजच पडत नव्हती.

घरीही तेच. बायको जाऊन चार वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी, चिंगी, लग्न होऊन दुसऱ्या शहरात. घरात आवाज करणारी वस्तू म्हणजे फ्रीज, आणि तोही दार उघडं राहिलं तरच. पूर्वी काका चिंगीला रोज फोन करत. पण दर वेळी ती कामात! "बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते हं." हे 'नंतर' एकदा जे गेलं ते सात आठवडे उगवलंच नाही. मग काकांनी ठरवलं, आता आपण करायचा नाही. मुलांना त्रास देऊ नये, असं ते स्वतःला समजावत. खरं म्हणजे ते रुसले होते. आणि आपण रुसलोय हे तिला कळवायचं तर फोनच करावा लागला असता, म्हणून तेही राहून गेलं होतं.

चौकोनाची भानगड सुरू झाली ती या एकटेपणातूनच, बायको गेल्यावर वर्षभराने. फॉन्टमध्ये एखाद्या अक्षराचा आकार सापडला नाही, तर सॉफ्टवेअर त्या जागी रिकामा चौकोन छापतं. "रिकामा चौकोन कोणाच्या डोळ्यांत भरतो का?" काका म्हणाले (स्वतःशीच, दुसरं कोण होतं?) आणि त्यांनी आपल्या हाताने नवा चौकोन काढला. ठसठशीत काळी चौकट, आत 'अडचण आहे? फोन करा' अशी ओळ आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर! तो त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये बसवून टाकला. एखादा नाठाळ फॉन्ट चुकून खालपर्यंत पोचलाच, तर मशीनवाल्याला कागदावर चौकोन दिसेल आणि तो ताबडतोब काकांना फोन करेल. योजना बिनतोड होती, फक्त मशीनवाल्याला ती सांगायची राहून गेली होती. तीन वर्षांत एकही फोन आला नाही, कारण तीन वर्षांत काकांच्या हातून एकही फॉन्ट सुटला नाही.

सुटला तो त्यांच्या सत्तावन्नाव्या वाढदिवसाला.

त्या दिवशी सकाळपासून काका फोन समोर ठेवून बसले होते. वाढदिवस म्हटल्यावर चिंगी फोन करणारच! दहा वाजले, अकरा वाजले. मध्ये एकदा फोन वाजला, तो विमा विकणाऱ्या बाईंचा. काकांनी त्यांनाही बोलतं ठेवायचा प्रयत्न केला, पण त्याच कंटाळल्या. साडेअकराला चिंगीचा निरोप आला. केकचं चित्र! केकवर मेणबत्त्या आणि मेणबत्त्यांशेजारी नाचणारं अस्वल. बास. काका त्या अस्वलाकडे बघत राहिले. उत्तर काय पाठवावं? 'फोन कर' असं लिहिलं, पुसलं. 'खूप आठवण येते' असं लिहिलं, तेही पुसलं. पाऊण तासाने त्यांनी नुसता अंगठा पाठवला. पोरीने केक पाठवावा आणि बापाने अंगठा दाखवावा, असा तो वाढदिवस साजरा झाला.

त्या पाऊण तासात एक फाइल येऊन पडली होती. कपडे धुण्याच्या एका नव्या मशीनचं माहितीपुस्तक, आत चोवीस फॉन्ट. एरवी काका प्रत्येक फॉन्ट उघडून एकेक अक्षर डोळ्यांखालून घालत. त्या दिवशी त्यांनी फक्त यादी बघितली. चोवीसच्या चोवीस नावांपुढे 'फाइलीत आहे' असं लिहिलेलं होतं. चोविसावा फॉन्ट निव्वळ आकड्यांचा. तो फाइलीत होता हे खरंच, पण त्याच्या पोटात शून्यापासून नऊपर्यंत एकाही आकड्याचा आकार नव्हता! काकांनी हिरवी खूण केली, फाइल खाली पाठवली आणि पुन्हा फोनकडे बघत बसले.

खाली मशीनवाल्याने पहिला कागद काढला. बघतो तो जिथे तिथे चौकोन, आणि चौकोनात 'अडचण आहे? फोन करा'!

"बघितलंत?" तो बाइंडिंगच्या मावशींना म्हणाला. "या कंपनीने मदतीचा नंबर कसा ओळीओळीला दिलाय! याला म्हणतात गिऱ्हाइकाची काळजी."

"आमच्या मिक्सरवाल्यांनी एकदा तरी द्यायचा होता," मावशी म्हणाल्या.

कंपनीचा माणूस नमुना बघायला आला. त्याने मुखपृष्ठावरचा मशीनचा फोटो बघितला, खूश झाला आणि सही करून गेला. वीस हजार पुस्तकं छापली गेली आणि मशीनबरोबर खोक्यात बसून घरोघर पोचली. काकांना यातलं काही कळलं नाही.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, काका डबा खात असताना फोन वाजला. नंबर अनोळखी.

"हॅलो, साबण किती टाकायचा हो?" एका बाईंचा आवाज.

"कशात?"

"कशात म्हणजे? तुमच्या मशीनमध्ये!"

"बाई, माझं कुठलंही मशीन नाही. नंबर चुकलाय तुमचा."

"चुकेल कसा? पुस्तकात छापलाय ना! 'मळलेल्या कपड्यांसाठी साबण', मग चौकोनात तुमचा नंबर, आणि पुढे 'चमचे'!"

काकांच्या हातातला चमचा हातातच राहिला. "कितव्या पानावर?" त्यांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"तेच तर कळत नाही! पानाच्या आकड्याच्या जागीही तुम्हीच आहात! आणि शेवटी 'ग्राहक मदत केंद्र' लिहिलंय ना, तिथे तर एकापुढे एक दहा चौकोन आहेत. दहाच्या दहा चौकोनांत तुमचाच नंबर!"

एकवीस वर्षांचा अनुभव! काकांनी त्याच क्षणी ओळखलं. आकड्यांचा फॉन्ट पोकळ होता आणि आपण त्याला हिरवी खूण केली. एकवीस वर्षांची अब्रू गेली! आत्ताच्या आत्ता खाली जाऊन मालकांना सांगायला हवं होतं, आणि ते त्यासाठी उठलेही होते.

पण तेवढ्यात बाई म्हणाल्या, "हॅलो? आहात ना? घाई नाही हो. सावकाश बघून सांगा."

सावकाश बघून सांगा! असं काकांशी कित्येक महिन्यांत कोणी बोललं नव्हतं. कंपनीने फाइलीबरोबर पाठवलेला कच्चा मजकूर कपाटात होता. काकांनी तो काढला, चष्मा लावला आणि म्हणाले, "दोन चमचे, ताई. फार मळलेले असतील तर तीन. मुलं आहेत का घरात? मग तीनच टाका."

दहा मिनिटं बोलणं झालं. फोन ठेवला तेव्हा काकांचं जेवण गार झालं होतं आणि ते हसत होते.

"उद्या सांगू मालकांना," असं म्हणून ते घरी गेले. घरी जाऊन कुटुंबाच्या ग्रुपवर बघतात तो जावयाने फोटो टाकलेला. शिकार केलेल्या वाघावर हात ठेवावा तसा तो एका नव्या कोऱ्या मशीनवर हात ठेवून उभा. शेजारी चिंगी. आणि ते मशीन? तेच! तेच मॉडेल, तेच गोल दार!

काका खुर्चीत बसले. म्हणजे चिंगीच्या घरात या क्षणी एक पुस्तक आहे, आणि त्या पुस्तकात ओळीओळीला आपला नंबर आहे! आज ना उद्या ती पुस्तक उघडणार. आकडे दिसायचे नाहीत, दिसेल तो 'अडचण आहे? फोन करा'. ती नंबर लावणार, आणि तिच्या फोनवर नाव उमटणार, 'बाबा'! काकांनी तो प्रसंग त्या संध्याकाळी सात-आठ वेळा डोळ्यांसमोर आणला. प्रत्येक वेळी ती थोडी जास्तच आनंदली. आता पुस्तकं परत मागवली तर? छे! चिंगीचा फोन येईपर्यंत तरी कोणाला काही बोलायचं नाही, असं त्यांनी पक्कं केलं.

पुढच्या आठवड्यात फोनने उसंत दिली नाही. दिवसाला चाळीस-चाळीस! लोकरीला किती अंश, चादरीला किती मिनिटं, दार किती वेळाने उघडायचं? काका आता "नमस्कार, अडचण सांगा," असं म्हणूनच फोन उचलत. कपडे कोणी धुवायचे यावर भांडणाऱ्या एका नव्या जोडप्याने स्पीकर लावून त्यांनाच पंच नेमलं. एका मुलाखतीला जाणाऱ्या तरुणाचे सगळे सदरे लाल मोज्यामुळे गुलाबी झाले होते. "गुलाबी तुम्हाला शोभेल," काकांनी त्याला न बघताच सांगितलं. ऐंशी वर्षांच्या एका आजोबांनी विचारलं, "हमी किती वर्षांची?" कागदावर दोन होते. "दोनच?" आजोबांचा आवाज इतका पडला की काकांना राहवलं नाही. "तुमच्यासाठी पाच!" ते म्हणाले.

आणि एक होते निवृत्त पोस्टमन. ते रोज चार वाजता फोन करत. साबण झाला, पाणी झालं, जाळी कशी साफ करायची ते दोनदा झालं. पाचव्या दिवशी काकांनी विचारलं, "भाऊ, मशीन चालतंय ना नीट?"

"मशीन? मशीन कुठलं हो?" पोस्टमन म्हणाले. "माझे कपडे ते किती, बादलीत होतात! पुस्तक शेजाऱ्यांचं आहे."

"मग फोन?"

"तिथे लिहिलंय ना, अडचण असेल तर करा."

काकांना वाईट वाटलं. आणि वाईट वाटण्यातही बरं वाटलं, की आपल्यासारखं आणखी कोणी आहे. मग त्यांनी चादरीचा विषय काढला.

चिंगीचा फोन मात्र येत नव्हता.

नवव्या दिवशी मालकांनी काकांना खाली बोलावलं. मालकांपुढे ते पुस्तक होतं आणि मालकांचा चेहरा मळलेल्या कपड्यांसारखा झाला होता.

"काका, हे काय आहे? एक आकडा छापलेला नाही! कंपनी पेटलीये नुसती. कोणी एक भामटा लोकांना पाच-पाच वर्षांची हमी वाटत सुटलाय! पुन्हा छापायचं तर आधी कुठला फॉन्ट बिघडला ते कळायला हवं. बोला, चोर कोण?"

"तपासावं लागेल," काका म्हणाले.

"अर्धा तास म्हणता ना तुम्ही?"

"तो भुरट्या चोराला, साहेब. ही टोळी दिसतेय."

"आणि हा नंबर कोणाचा, ते तर मी आत्ताच बघतो!" असं म्हणून मालकांनी फोन उचलला आणि पुस्तकात बघून आकडे दाबायला सुरुवात केली. एकवीस वर्षांत मालकांनी काकांना एकदाही फोन केला नव्हता, त्यामुळे नंबर त्यांना ओळखू येणं शक्यच नव्हतं. काकांच्या खिशात फोन वाजायला लागला!

"माझ्या मुलीचा फोन!" काका ओरडले आणि दार लोटून जिन्यापर्यंत पळाले. तिथे त्यांनी आवाज बारीक केला. "नमस्कार, अडचण सांगा."

"कोण बोलतंय?" मालक गरजले.

"मदत केंद्र."

"कुठलं मदत केंद्र? तुमचा नंबर आमच्या पुस्तकात आला कसा?"

"साहेब, त्याचाच तपास चालू आहे," असं म्हणून काकांनी फोन बंद केला, घाम पुसला आणि आत आले.

"काय म्हणते मुलगी?" मालकांनी रागातही रीत म्हणून विचारलं.

"मजेत आहे," काका म्हणाले. आणि गंमत बघा, म्हणताना क्षणभर त्यांना खरंच तिच्याशी बोलल्यासारखं वाटलं. मग जिना चढताना मात्र त्यांनी दोनदा फोन काढून बघितला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी पुन्हा तगादा लावला. "कंपनीला आज काहीतरी नाव द्यायलाच हवं!" काकांना फक्त दोन-चार दिवस हवे होते. चिंगी शनिवार-रविवारी कपडे धूत असेल, तेवढा एक रविवार! म्हणून त्यांनी तेवीस निरपराध फॉन्टांपैकी एकावर बोट ठेवलं. "संशय मथळ्याच्या फॉन्टवर आहे. पण अजून खात्री नाही हं," ते म्हणाले. मालकांनी पुढचं वाक्य ऐकलंच नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. काका दचकले. पावलं खोलीशी थांबली आणि दारात पंचविशीची एक मुलगी दिसली.

"फॉन्टकाका तुम्हीच ना? ते पुस्तक मी मांडलं होतं. कंपनीची डिझायनर आहे मी."

काकांनी खुर्चीवरचा डबा घाईघाईने उचलला. ती बसली. दम खात होती की रडू दाबत होती, कळेना.

"काका, मथळ्याचा फॉन्ट मी स्वतः तपासून घातला होता. पण तुमच्याइतकं कोणाला कळत नाही म्हणतात, तेव्हा चुकलंच असेल माझं. कुठे चुकलं तेवढं दाखवाल? साहेबांनी मला सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलंय."

काकांना आपली खुर्ची एकदम टोचायला लागली. "घरी सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही. बाबांचा आवाज ऐकला की मला रडू फुटेल आणि मग ते रात्रंदिवस काळजी करतील. सगळं नीट झालं की करेन फोन."

काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फाइल उघडली. एक एक करत पाच फॉन्ट बाजूला काढले, नंतर सगळे तपासायचं सोंग सोडून थेट चोविसाव्यावर गेले. पडद्यावर दहा रिकामे खण. चार मिनिटंही लागली नाहीत.

"हा चोर," काका म्हणाले.

"आकड्यांचा? हा तर आमच्या तांत्रिक विभागाने तक्त्यांबरोबर पाठवला होता! मी हातही लावलेला नाही!"

"माहीत आहे. याला अडवायचं काम माझं होतं. मी अडवलं नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"अकरा दिवस झाले."

ती उभीच राहिली. "अकरा दिवस! आणि तुम्ही सांगितलं नाहीत? का?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि फोन वाजला. त्यांनी सवयीने उचलला. "नमस्कार, अडचण सांगा... हो, लोकर तीस अंशांवर... नाही, पिळायचं नाही, आजी, नुसतं पसरा." फोन ठेवून ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या मुलीकडेही हेच मशीन आहे. वाटलं होतं, ती करेल एखादा."

मुलगी पुन्हा खुर्चीत बसली. काकांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. ते उठले आणि खाली गेले.

"साहेब, चोर सापडला. आकड्यांचा फॉन्ट. आणि दुसरा चोर मी. ती मुलगी निर्दोष आहे, तिच्या साहेबांना आत्ता फोन करा."

"आणि तो मदत केंद्रवाला भामटा?"

"तोही मीच."

मालकांनी पुस्तक टेबलावर आपटलं. मग जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खालच्या मजल्यावरचं मशीन मिनिटभर थांबलं होतं, एवढं सांगतो. शेवटी दम लागल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे परवा तुम्ही बाहेर जाऊन माझ्याशीच बोलत होतात! मग मुलगी मजेत आहे म्हणालात, ते?"

"ते माहीत नाही, साहेब," काका म्हणाले.

मालक पाणी प्यायले. मग पहिल्यांदाच त्यांनी काकांना बसायला सांगितलं.

त्या डिझायनर मुलीची नोकरी त्याच दिवशी वाचली. तिच्या साहेबांना मालकांनी स्वतः फोन लावला आणि काकांनी चूक कबूल केली. सगळे आकडे असलेली एक दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक गिऱ्हाइकाला टपालाने पाठवायचं ठरलं. ती काकांनी चार वेळा तपासली. ऐंशीच्या आजोबांना कंपनीने खरोखरच पाच वर्षांची हमी दिली, कारण ते भांडायला स्वतः येऊन बसले होते. काकांचा चौकोन सॉफ्टवेअरमधून निघाला, तिथे पुन्हा साधा रिकामा चौकोन आला. आणि काकांना शिक्षा म्हणून त्यांच्या प्रत्येक हिरव्या खुणेवर मशीनवाल्याची सही लागेल असा नियम झाला. मशीनवाला रोज तीन मजले चढायचा, धापा टाकायचा आणि काकांच्या नावाने खडे फोडत सही करायचा. काका त्याला पाणी द्यायचे आणि आणखी थोडे खडे फोडून घ्यायचे.

चिठ्ठ्या पोचायला लागल्या तसे फोन आटले. चाळिसाचे वीस झाले, विसाचे पाच. मग फक्त चारचे पोस्टमन उरले. काका फोन उशाशी ठेवून झोपत आणि सकाळी आधी तोच बघत. चिंगीच्या घरीही चिठ्ठी गेलीच असणार. आता तिला कसली अडचण? वीस हजार घरांत आपला नंबर जाऊनही जिथे पोचायला हवा तिथे पोचला नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं. रविवारी सकाळी ते खिडकीशी बसून होते. चहा करायचाही कंटाळा आला होता.

फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, 'चिंगी'.

काकांनी इतक्या घाईने उचलला की तोंडातून निघून गेलं, "नमस्कार, अडचण सांगा!"

"बाबा?" पलीकडे चिंगी. "अहो, हे काय चाललंय? मी मशीनच्या पुस्तकातला नंबर लावला तर नाव आलं 'बाबा'! मला वाटलं फोन बिघडला. पुन्हा लावला, पुन्हा 'बाबा'!"

काकांनी सगळं सांगितलं. चौकोन, अस्वल, पोकळ फॉन्ट, मालक, जिना, ती डिझायनर. मध्येच चिंगी हसायला लागली आणि मध्येच थांबली.

"म्हणजे मी फोन करावा म्हणून तुम्ही पुस्तकं छापलीत? वीस हजार?"

"मुद्दाम नाही गं. पण छापून झाल्यावर... वाटलं."

"बाबा, एक फोन केला असतात तर? मला वाटायचं तुम्हीच रागावलात. मी कितीदा नंबर काढून ठेवला आणि म्हटलं, आता काय तोंडाने करायचा."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग चिंगीने घसा साफ केला. "बरं, ते जाऊ दे. लोकरीचं सांगा ना. स्वेटर धुवायचेत, किती अंश?"

लोकरीला तीस. काकांनी हे निदान दोनशे लोकांना एका दमात सांगितलं होतं. पण आता ते खुर्चीत मागे रेलले. "त्याचं असं आहे," ते म्हणाले, "लोकरीचे प्रकार असतात. आधी तू पुस्तक घेऊन बस." मग त्यांनी तिला पहिल्या पानापासून सुरुवात करून दिली. साबणाचे चमचे झाले, पाण्याची पातळी झाली, जाळी झाली. चिंगी 'हं', 'हं' करत होती, मध्ये मध्ये शंका काढत होती आणि एकदा चक्क "सावकाश सांगा, मी लिहून घेते," असंही म्हणाली. पाऊण तास झाला. काका घड्याळाकडे बघून एकदम थांबले.

"अगं, पण तुला चिठ्ठी नाही का आली? दुरुस्तीची? सगळे आकडे आहेत तिच्यात!"

"आली की. मंगळवारीच आली. इथे समोरच आहे."

"मग मला विचारत कशाला बसलीस?"

"मग तुम्ही सांगत कशाला बसलात?" चिंगी म्हणाली.

काकांनी चष्मा काढला. पुसला, पुन्हा लावला.

"पुढचं पान काढ," ते म्हणाले.